मुडदुसापासून हृदयापर्यंत : ‘ड’ जीवनसत्त्वाची शंभर वर्षे

श्रोतेहो, डहाणू-तलासरीच्या मुलखात आजवर पुष्कळ गोष्टींची टंचाई झाली. पाण्याची झाली, धान्याची झाली, औषधांची तर नेहमीचीच. पण उन्हाची टंचाई कधी कोणी ऐकली नव्हती. पश्चिमेला बोर्डी-घोलवडचा किनारा आणि पूर्वेला सायवन-उधव्याकडचे डोंगराळ पाडे, या दोहोंच्या मध्ये पावसाचे चार महिने वगळले तर सूर्यनारायण हात राखून देत नाही. असे असूनही जे सत्त्व सूर्यप्रकाशाने आपल्या कातडीत आपोआप तयार होते, त्याच सत्त्वाच्या पुड्या आणि गोळ्या आज तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानांतून विकल्या जातात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्याचे नाव असते व्हिटॅमिन डी. आपण मराठीत त्याला ‘ड’ जीवनसत्त्व म्हणतो.

हाडांसाठी ते लागते, हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण अलीकडे आणखी एक समजूत पसरली आहे. ती अशी, की हे सत्त्व घेतल्याने हृदय मजबूत राहते आणि हृदयविकाराचा झटका टळतो. शहरात नोकरीला असलेला मुलगा गावी येताना आईवडिलांसाठी डबी घेऊन येतो. शेजारी ती पाहतो आणि आपणही आणवतो. मग कोणीतरी विचारतोच, “काय हो सर, हे खरे का?”

मी इतिहासाचा अध्यापक आहे. औषध द्यावे की न द्यावे, हे सांगण्याचा अधिकार वैद्याचा. परंतु एखादी समजूत कोठून निघाली, कशी वाढली, तिची परीक्षा कोणी घेतली आणि त्या परीक्षेत ती उतरली की नाही, हा इतिहासाचा विषय आहे. म्हणून आज ही हकीगत पहिल्यापासून सांगतो. तिचा एक महत्त्वाचा धागा आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातून जातो.

ही हकीगत मुडदुसापासून सुरू होते. मूल वेळेवर चालत नाही, पाय धनुष्यासारखे वाकतात, मनगटे जाड होतात, छातीच्या फासळ्यांवर मण्यांसारख्या गाठी येतात, हा मुडदूस. इंग्रजीत त्याला रिकेट्स म्हणतात. इंग्लंडात फ्रान्सिस ग्लिसन या वैद्याने १६५० साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. पुढे गिरण्या आल्या, कोळशाच्या धुराने आकाश काळवंडले, अरुंद गल्ल्यांतून कामगारांची दाटी झाली, तसतसा हा रोग तिथल्या शहरांत घरोघर दिसू लागला. कारण काय असावे? कोणी म्हणे हवा वाईट, कोणी म्हणे अन्न निकृष्ट, कोणी म्हणे घाण. १८९० साली थिओबाल्ड पाम या डॉक्टराने एक वेगळी वाट धरली. तो जपानात मिशनरी म्हणून राहून आलेला होता. जपान, चीन, हिंदुस्थान या देशांत गरिबी आहे, दाटी आहे, अस्वच्छताही आहे. तरी मुडदूस मात्र क्वचित, हे त्याने निरनिराळ्या देशांतील डॉक्टरांना पत्रे लिहून पडताळून पाहिले. त्याचा निष्कर्ष सरळ होता. या मुलांना कमी पडते आहे ते ऊन. पण त्या वेळी त्याचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नाही.

आता आपल्याकडे या. डहाणूहून कासा, जव्हार, मोखाडा, त्र्यंबक असा रस्ता धरला की आपण नाशिकला पोचतो. याच नाशिकला पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत हचिसन आणि शाह या दोघांनी मुडदुसाची पाहणी केली आणि १९२२ साली ती इंग्लंडातील एका वैद्यकीय त्रैमासिकात छापून आली. त्यांनी काय पाहिले? वाड्यांतून राहणारी सुखवस्तू कुटुंबे, मुसलमानांतली आणि वरच्या वर्गातल्या हिंदूंतलीही, जिथे बायकांना पडदा होता, त्यांच्या मुलांत मुडदूस वारंवार आढळला. जन्मल्यापासून कित्येक महिने ही बाळे अंधाऱ्या खोलीत आईजवळ निजून असत. उलट शेतावर राबणाऱ्या गरीब बायका तान्ह्या मुलाला झोळीत घालून बांधावर नेत. त्या मुलांच्या पोटात दूधतूप जवळजवळ नाहीच. पण मुडदूसही जवळजवळ नाही.

श्रोतेहो, या निरीक्षणाचे मोल लक्षात घ्या. ज्याच्या घरी दूध-तूप आहे त्याचे मूल निरोगी आणि ज्याच्या घरी नाही त्याचे रोगी, असाच जगाचा हिशेब असतो. इथे हिशेब उलटा निघाला. म्हणून अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या पोषणशास्त्राच्या अभ्यासकांनी नाशिकचा हा दाखला पुढे पुन्हा पुन्हा दिला. त्याच दशकात काश्मीरमध्ये डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी आणि पुढे पंजाबातील कांगड्यात डॉ. डॅगमार विल्सन यांनी पडद्यातल्या बायकांची हाडे मऊ पडून बाळंतपणे अडत असल्याचे नोंदवले.

तेव्हा एका बाजूला ऊन होते. दुसऱ्या बाजूला उत्तर युरोपातल्या कोळ्यांचे एक जुने औषध होते, कॉड माशाच्या यकृताचे तेल. १९१९ साली लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी घरात कोंडलेल्या कुत्र्याच्या पिलांना निकस अन्न देऊन मुडदूस आणला आणि माशाच्या तेलाने तो घालवून दाखवला. त्याच साली बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील किरणांच्या दिव्याखाली ठेवले. तीही बरी झाली. तेलाने बरे होते आणि प्रकाशानेही बरे होते, हे कोडे कसे सुटायचे? १९२२ साली अमेरिकेत मॅकॉलम यांनी माशाच्या तेलातले ‘अ’ जीवनसत्त्व उष्णता आणि हवा देऊन नष्ट केले. उरलेल्या तेलाने मुडदूस बरा होतच राहिला. म्हणजे त्यात आणखी एक सत्त्व होते. अ, ब, क ही अक्षरे आधीच दिली गेली होती. याच्या वाट्याला ‘ड’ आले. पुढे स्टीनबॉक यांनी दाखवले, की अन्नावर अतिनील किरण पाडले तर अन्नातही हे सत्त्व उपजते. १९२८ साली विंडाउस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला या कुळातील द्रव्यांच्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. कोडे सुटले. कातडीत एक स्निग्ध द्रव्य असते, त्यावर ऊन पडले की त्याचे ‘ड’ जीवनसत्त्व होते. माशाच्या यकृतात ते आयते साठलेले असते.

आज दुकानात मिळणारी गोळी कशाची असते, हेही सांगून टाकतो. मेंढीच्या लोकरीला जो चिकट तेलकटपणा असतो त्यातून एक द्रव्य वेगळे काढतात आणि त्यावर अतिनील किरण सोडतात. बहुतेक गोळ्यांतले सत्त्व असे तयार होते. कारखान्यातला तो दिवा आपल्या अंगणातल्या सूर्याचेच काम करत असतो.

आपल्या किनाऱ्याचाही या कथेशी संबंध आला होता. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेहून कॉडचे तेल येणे बंद पडले, तेव्हा मुंबई आणि मद्रास इलाख्यांतल्या सरकारी मत्स्यखात्यांनी मुशी माशाच्या यकृताचे तेल काढायला सुरुवात केली. सातपाटीपासून डहाणूपर्यंतच्या कोळ्यांना मुशी काय हे सांगायला नको. या तेलात ‘अ’ जीवनसत्त्व भरपूर निघाले. ‘ड’ मात्र त्या मानाने बेताचेच. तरीही त्या पिढीतल्या पुष्कळ मुलांनी नाक धरून ते तेल चमच्याने घेतले आहे.

इथवरची गोष्ट यशाची आहे. रोग होता, कारण सापडले, उपाय सापडला. पण यश मिळाले की माणूस थांबत नाही. थोड्याने बरे होते, तर पुष्कळाने अधिक बरे होईल, हा आपला स्वभावच आहे. इथेच आपल्या गोष्टीत हृदय पहिल्यांदा येते. आणि ते येते धोक्याची सूचना घेऊन.

१९२८ साली जर्मनीत प्राण्यांना या नव्या सत्त्वाच्या मोठ्या मात्रा देऊन पाहिल्या गेल्या. ते प्राणी खंगले आणि मेले. त्यांच्या रक्तवाहिन्यांत चुना साठलेला आढळला. यात गूढ काही नाही. अन्नातला चुना, म्हणजे कॅल्शियम, आतड्यातून रक्तात आणण्याचे काम ‘ड’ जीवनसत्त्व करते. बेताचे असेल तर तो चुना हाडांत जातो. सत्त्व बेसुमार झाले की चुना रक्तात मावेनासा होतो आणि मूत्रपिंडात, रक्तवाहिन्यांत बसतो. हृदयाच्या ठोक्यांचा तोलही त्याने बिघडू शकतो.

माणसांना हा धडा इंग्लंडात मिळाला. युद्धकाळात तिथे मुलांच्या दुधाच्या भुकटीत, पिठात आणि शिवाय माशाच्या तेलातून असे तीन ठिकाणांहून हे सत्त्व दिले जाई. १९५० नंतरच्या काही वर्षांत कित्येक तान्ह्या मुलांच्या रक्तात कॅल्शियम वाढून ती आजारी पडल्याचे दिसले, आणि १९५७ साली सरकारने हे प्रमाण कमी केले. १९६१ साली न्यूझीलंडमध्ये डॉ. विल्यम्स यांनी हृदयाजवळची महारोहिणी जन्मतः अरुंद असलेल्या काही मुलांचे वर्णन केले. त्याचाही आळ ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अतिरेकावर आला. पुढे १९९३ साली कळले, की हा रोग एका गुणसूत्राचा तुकडा गळाल्यामुळे होतो. म्हणजे तो आळ खोटा ठरला. इथे एक गोष्ट मनात नोंदवून ठेवा. शास्त्रात आळही तपासावा लागतो आणि स्तुतीही तपासावी लागते.

आता स्तुतीकडे वळू. १९८१ साली रॉबर्ट स्क्रॅग या संशोधकाने एक कल्पना मांडली. थंड देशांत हृदयविकाराने होणारे मृत्यू हिवाळ्यात वाढतात आणि उन्हाळ्यात घटतात. हिवाळ्यात ऊन कमी, म्हणून ‘ड’ जीवनसत्त्व कमी. मग हेच सत्त्व हृदयाचे रक्षण करत नसेल कशावरून? कल्पना सुबक होती. पुढे हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या पेशींवरही या सत्त्वाला धरून घेणाऱ्या जागा आहेत असे समजले. २००८ साली अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या प्रसिद्ध पाहणीचा एक निष्कर्ष बाहेर आला. १,७३९ माणसांवर पाच वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवले होते. ज्यांच्या रक्तात हे सत्त्व फार कमी होते, त्यांच्यात हृदयरोगाचे व रक्तवाहिन्यांच्या रोगाचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी अधिक आढळले.

झाले! वर्तमानपत्रांनी मथळे दिले, कंपन्यांनी डब्यांवर हृदयाची चित्रे छापली, रक्ततपासणीच्या जाहिराती झळकल्या. आपल्या देशातही एक बातमी आधीच गाजली होती. दिल्लीतल्या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चांगले धडधाकट वाटणारे डॉक्टर आणि परिचारिका यांच्या रक्तातच हे सत्त्व फार कमी भरले. उन्हात कवायत करणाऱ्या सैनिकांत ते त्यांच्याहून पुष्कळ बरे होते. शंभर वर्षांपूर्वी नाशिकच्या वाड्यात जे घडत होते तेच आता दिल्लीच्या इस्पितळात घडत होते, एवढाच फरक. कमतरता खरी होती. प्रश्न असा होता, की ती भरून काढल्याने हृदय वाचते का?

कमतरता असलेली माणसे आजारी पडतात, हे एक विधान झाले. कमतरता भरली म्हणजे ती आजारी पडत नाहीत, हे दुसरे. पहिल्यावरून दुसरे आपोआप सिद्ध होत नाही. उदाहरण देतो. सूर्या नदीला पूर आला की पुलाच्या खांबावरचा आकडा पाण्याखाली जातो. आकडा बुडाला म्हणजे काठच्या वस्तीला धोका, हे अगदी खरे. पण कोणी शिडी लावून तो आकडा दोन हात वर रंगवला, तर पूर ओसरेल का? आकडा ही खूण आहे, पुराचे कारण नव्हे. रक्तातले कमी ‘ड’ जीवनसत्त्वही पुष्कळदा अशीच खूण असते. जो आधीच आजारी आहे तो घराबाहेर पडत नाही, म्हणून त्याला ऊन मिळत नाही. जो फार लठ्ठ आहे त्याचे सत्त्व चरबीत दडून राहते आणि रक्तात कमी दिसते. म्हातारपणी कातडीची ते तयार करण्याची शक्तीच मंदावते. आणि आजारपण, लठ्ठपणा, वार्धक्य ही तर हृदयरोगाची जुनीच सोबती. तेव्हा दोष कोणाचा?

हे ठरवण्याचा एकच चोख मार्ग आहे. हजारो माणसे घ्यायची. चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट करायचे. एकाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी. कोणाला काय मिळाले हे ना घेणाऱ्याला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. मग काही वर्षे थांबायचे आणि मोजायचे.

असे प्रयोग झाले. अमेरिकेत २५,८७१ माणसांवर झाला. पुरुष पन्नाशीचे व पुढचे, बायका पंचावन्नच्या व पुढच्या. यांत पाच हजारांवर कृष्णवर्णीय होते. म्हणजे केवळ गोऱ्या कातडीवरचा हा निकाल आहे असे म्हणता येत नाही. रोज २,००० युनिट, सरासरी पाच वर्षांहून थोडे अधिक. २०१८ साली निकाल लागला. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयरोगाने मृत्यू, अशा घटना खऱ्या गोळीच्या गटात ३९६ जणांच्या बाबतीत घडल्या आणि पोकळ गोळीच्या गटात ४०९. इतक्या मोठ्या समुदायात हा फरक म्हणजे फरक नव्हे.

न्यूझीलंडमध्ये ५,११० माणसांना दर महिन्याला १,००,००० युनिट देऊन पाहिले. हृदयाचे व रक्तवाहिन्यांचे विकार एका गटात ११.८ टक्के आणि दुसऱ्यात ११.५ टक्के, आणि गंमत अशी, की अधिक आकडा औषध घेणाऱ्यांचा होता. हा प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध करणाऱ्यांत पहिले नाव कोणाचे? त्याच रॉबर्ट स्क्रॅगचे, ज्याने १९८१ साली ही कल्पना मांडली होती. श्रोतेहो, मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. माणसाने छत्तीस वर्षे एक कल्पना जपली, मग स्वतःच तिची कसोटी घेतली आणि ती उतरली नाही हे आपल्याच सहीने छापले. आपल्या विद्यार्थ्यांना विज्ञान शिकवताना शिक्षकांनी हा दाखला अवश्य सांगावा.

ऑस्ट्रेलियातला प्रयोग आपल्याला अधिक जवळचा आहे, कारण तिथे मात्रा होती महिन्याला ६०,००० युनिट. आपल्याकडे जी पुडी मिळते ती एवढ्याचीच असते. वय ६० ते ८४, माणसे २१,३१५, मुदत पाच वर्षांपर्यंत. २०२३ साली निकाल आला. मोठे हृदयविकार औषध घेणाऱ्यांत ६ टक्के, न घेणाऱ्यांत ६.६ टक्के. थोडा फरक आहे खरा; पण तो योगायोगाचाही असू शकतो, असेच अभ्यासकांनी म्हटले. एवढ्या धाग्यावर घरोघरी पुडी वाटावी असा तो आधार नव्हे.

मग हे सत्त्व टाकाऊ ठरले काय? मुळीच नाही. असा अर्थ कोणी काढला तर माझे बोलणे वाया गेले म्हणायचे. मुडदूस हा आजही मुडदूसच आहे आणि ‘ड’ जीवनसत्त्व हे आजही त्याचे औषध आहे. २०१६ ते २०१८ या काळात देशभर मुलांच्या पोषणाची जी मोठी पाहणी झाली, तीत एक ते चार वर्षांच्या मुलांपैकी १४ टक्के, पाच ते नऊच्या मुलांपैकी १८ टक्के आणि किशोरवयीन मुलांपैकी २४ टक्के मुलांत या सत्त्वाची कमतरता आढळली. वय वाढत जाते तशी कमतरता वाढत जाते. मूल अंगणातून वर्गात जाते, वर्गातून शिकवणीला जाते आणि मग पडद्यासमोर बसते, त्याचाही यात वाटा असावा.

आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी फार महत्त्वाची आहे. नुसत्या उन्हाने हाड बनत नाही. ऊन हा गवंडी आहे असे समजा. चुना नसेल तर गवंडी काय करील? नायजेरिया हा उन्हाचा देश. तिथल्या मुडदूस झालेल्या मुलांवर १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले, की त्यांना खरी गरज कॅल्शियमची होती; एकट्या ‘ड’ जीवनसत्त्वाने त्यांना तेवढा गुण आला नाही. नाशिकची ती शेतावरची मुले मुडदुसातून वाचली, पण भुकेतून वाचली नव्हती, हेही विसरू नये. ऊन फुकट आहे म्हणून गरिबाला बाकी काही लागत नाही, असा सोयीस्कर अर्थ कोणी काढू नये. आपल्या भागात नागली आहे. तिच्यात चुना भरपूर. काट्यांसकट खाता येणारी बारीक मासळी आहे. पालेभाज्या आहेत, तीळ आहेत. वारली आजीच्या चुलीवरची नागलीची भाकर मागासलेपणाची खूण नाही, हे शाळेत मुलांना ठासून सांगितले पाहिजे.

ऊन आणि गोळी यांत फरक आहे का? पुण्यात यावर एक लहानसा प्रयोग झाला आणि तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. ४० ते ६० वर्षांचे, सत्त्वाची कमतरता असलेले पुरुष घेतले. काहींनी सहा महिने रोज सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळात वीस मिनिटे ऊन घेतले. काहींनी रोज १,००० युनिटची गोळी घेतली. रक्तातले सत्त्व दोन्ही गटांत वाढले. पण एकूण कोलेस्टेरॉल उन्हाच्या गटात घटले आणि गोळीच्या गटात वाढले. उन्हाच्या गटात चांगले म्हणतात ते कोलेस्टेरॉलही घटले, हेही सांगायला हवे. प्रयोग छोटा, मुदत थोडी. आणि कोलेस्टेरॉल म्हणजे काही झटका नव्हे. तेव्हा यावरून उन्हाचा जयजयकार करू नये. इतकेच म्हणावे, की बाहेर पडणारा माणूस केवळ एक सत्त्व मिळवत नाही; तो चालतो, घाम गाळतो, चार माणसांत मिसळतो. हे सगळे एका पुडीत बांधता येत नाही.

आता पुडीविषयी दोन शब्द. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ४० युनिट. ६०,००० युनिट म्हणजे वजनाने अवघा दीड मिलिग्रॅम; पण ती रोजच्या गरजेच्या कितीतरी पट मात्रा आहे. कमतरता सिद्ध झाली तर डॉक्टर ती बहुधा आठवड्यातून एकदा, काही आठवडेच देतात. ‘आठवड्याला एक’ हे नीट न ऐकल्यामुळे रोज एक घेतली गेली, किंवा लाखो युनिटांची सुई एकामागून एक टोचून घेतली, आणि माणूस इस्पितळात दाखल झाला, अशी उदाहरणे आपल्या देशातल्या वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. भूक मरणे, ओकाऱ्या, बद्धकोष्ठ, सतत तहान, वारंवार लघवी, ही त्याची लक्षणे. ज्याला आधीच हृदयाचा रोग आहे आणि त्यावर डिगॉक्सिनसारखे औषध चालू आहे, त्याला तर रक्तातले वाढलेले कॅल्शियम फारच घातक. हृदयासाठी घेतलेले औषध हृदयावरच उलटावे, याहून वाईट ते काय?

डहाणू-तलासरीत आज दिवस कसा जातो, तेही पाहू. एकेकाळी इथला कष्टकरी सगळा उघड्यावर होता. शेतावर, जंगलात, खाडीत. आजही चिकूच्या वाडीत आणि भातखाचरात बाया-पुरुष राबतातच. पण तरुण पोरे-पोरी पहाटे गाडी पकडून उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत जातात. पाळी संपवून परततात तेव्हा दिवस मावळलेला असतो. त्यांचे ऊन हरवते आहे. अशा माणसाला, घरात अडकलेल्या म्हातारीला, गरोदर बाईला, वाकल्या पायांच्या मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तिथे डॉक्टरांनी सत्त्व दिले तर ते बिनदिक्कत घ्या. ते हाडांसाठी असते, ते खरे औषध आहे. पण धडधाकट माणसाने ‘हृदयाला बरे’ म्हणून दर महिन्याला दुकानात पैसे मोजू नयेत. त्या पैशाची अंडी येतील, शेंगदाणे येतील.

हृदयाचे खरे शत्रू वेगळे आहेत आणि ते आपल्या ओळखीचे आहेत. तंबाखू, मिशरी आणि विडी. न तपासलेला रक्तदाब. रक्तातली साखर. खारवलेली मासळी, लोणची, पापड यांतून पोटात जाणारे मणभर मीठ. दारू. रक्तदाब मोजायला आरोग्य उपकेंद्रात पैसे पडत नाहीत. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी दंडाला तो पट्टा बांधून घ्यावा.

शेवटी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक आठवण देतो. १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडकांनी अनुताई वाघ यांना बरोबर घेऊन बालशिक्षणाचे जे काम सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले, त्यात त्यांनी शाळाच मुलांच्या दारी नेली. पाड्यातल्या अंगणात भरली ती अंगणवाडी. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणावर भरली ती कुरणशाळा. पुढे ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. त्यांचा हेतू शिक्षणाचा होता, जीवनसत्त्वाचा नव्हता. पण मूल उजेडात बसले पाहिजे, ही गोष्ट त्या शब्दातच आहे. आज कित्येक अंगणवाड्या चार भिंतींच्या आत भरतात. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन उबदार असते, पण सत्त्व तयार करणारे किरण काच अडवून धरते.

म्हणून वर्ग थोडा वेळ बाहेर काढा. केव्हा काढावा याला घड्याळ नको. मुलाला उभे करा आणि त्याची सावली मोजा. सावली त्याच्या उंचीपेक्षा लांब असेल तर ते किरण क्षीण. सावली आखूड असेल तर पुरेसे. थंडीच्या दिवसांत सकाळी उशिरा थोडा वेळ खुशाल बाहेर शिकवा. वैशाखात मात्र जपा, उष्माघात हा काही विनोद नाही. सावलीची ही मोजणी भूगोलाचा धडा आहे, गणिताचाही आहे.

सारांश, ‘ड’ जीवनसत्त्व हे उणीव भरणारे सत्त्व आहे. ज्याला उणीव आहे त्याला ते द्यावे, जरूर द्यावे, आणि वैद्याच्या सल्ल्याने द्यावे. ज्याला उणीव नाही त्याच्या हृदयाभोवती ते कवच बांधीत नाही, हे हजारो माणसांवर पारखून झाले आहे. इतिहास एवढेच सांगतो. पुढचा निर्णय आपण आपल्या घरी, आपल्या कमाईकडे आणि आपल्या मुलांच्या पायांकडे पाहून घ्यायचा आहे.